दलालाचा आकडा आणि तुझा हिशेब

आधी चहा टाक आणि दलालानं दिलेला तो कागद समोर घेऊन बस. फोनवर आकडा सांगताना तुझा आवाज बसला होता, ते मला कळलं गं. १८ लाख ४० हजार! "ताई, हे जास्त आहेत की बरोबर आहेत, तेच कळेना," म्हणालीस. कळणार कसं? सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, गुळाचा येतो. तू घ्यायला बघतेयस त्या, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या चालत्या कांडप-गिरणीचा भाव कुठं छापून येत नाही. तो आपण मांडून काढायचा असतो. आणि खरं सांगू का, हा हिशेब तुला येतो. वर्षानुवर्षं भिशी चोख सांभाळणाऱ्या, सासऱ्यांच्या आजारपणात घर आणि दवाखाना दोन्ही एका पगारात बसवणाऱ्या बाईला हे जड जाणार नाही. मी पेठेतल्या दुकानांच्या वह्या लिहीत आले, म्हणून कुठं बोट ठेवायचं ते सांगते. बाकीचं तूच करायचंस.

कागदावर काय आहे बघ. महिन्याचा नफा ६० हजार, म्हणजे वर्षाचा ७ लाख २० हजार. त्याची दुप्पट १४ लाख ४० हजार. मशिनरी ३ लाख. डिपॉझिट १ लाख. बेरीज १८ लाख ४० हजार. बेरीज बरोबर आहे. आता यातल्या प्रत्येक आकड्याला "तू आलास कुठून?" एवढं विचारत जायचं.

त्याआधी दलालाबद्दल दोन शब्द. त्याचा आकडा हे त्याचं मत असतं, मूल्यांकन नव्हे. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनी आपल्याकडे नोंदणीकृत मूल्यांकनकार आले. त्यांना परीक्षा द्यावी लागते, नोंदणी करावी लागते, अहवालावर सही करून त्याची जबाबदारी घ्यावी लागते. दुकान विकून देणाऱ्या दलालाला यातलं काही लागत नाही. त्याची दलाली विक्रीच्या रकमेवर टक्क्यानं ठरते आणि बऱ्याचदा ती दोन्हीकडून घेतली जाते. म्हणून तो माणूस वाईट ठरत नाही बरं का. चांगला दलाल गिऱ्हाईक आणतो, रागावलेल्या दोन पार्ट्यांना पुन्हा एका टेबलावर बसवतो, अडलेला कागद मिळवून देतो. त्याची मदत जरूर घे. फक्त त्याला पहिल्याच भेटीत विचार: दलाली कोणाकडून, किती टक्के आणि कधी द्यायची? उत्तर लिहून घे. आणि मग, "हा आकडा कसा काढला, मला मांडून दाखवा," असंही विचार. अदबीनं विचार, पण विचारच.

आता ती दुप्पट. "धंद्याचा रेट दोन पट असतो वहिनी," असं त्यानं सांगितलं ना? असा ठोकताळा खरंच आहे. अमेरिकेत छोटी दुकानं विकणारे दलाल मालकाच्या हाती वर्षभरात येणारी एकूण कमाई धरतात आणि तिला साधारण दोनानं ते तिनानं गुणतात. ती कमाई काढताना नफ्यात मालकाचा पगार, कर्जाचं व्याज, घसारा आणि एकदाच झालेला खर्च परत मिळवतात. पण त्या गुणाकारात यंत्रं आलेलीच असतात, कारण कमाई त्याच यंत्रांनी केलेली असते. आपल्याकडे येताना गुणाकार तेवढा आला आणि अटी मागं राहिल्या. तुझ्या कागदावर आधी दुप्पट केली आहे आणि मग मशिनरीचे ३ लाख वेगळे लावले आहेत. एकाच यंत्राचे पैसे दोनदा. हे ३ लाख आत्ताच खोड.

तू कॉमर्सची आहेस. बारावीच्या पुस्तपालनात ख्यातीचं, म्हणजे नावलौकिकाचं, मूल्यांकन केलं होतंस, आठवतं? सरासरी नफा, अधिक नफा, खरेदीची वर्षं. तेव्हा पाच मार्कांसाठी सोडवलेलं गणित आता घरच्या पैशांवर सोडवायचं आहे. पुढं ते वापरणार आहोत आपण.

तो ६० हजार नफा आता बघू. सगळी मेख इथंच आहे बघ. मी विचारलं, कुठल्या महिन्याचा? तू म्हणालीस, एप्रिलची वही दाखवली. अगं, एप्रिल! कोल्हापुरात चटणीची मिरची कधी कुटतात, हे तुला-मला कोणी सांगायला हवं का? थंडी सरली की ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, असं करत घरोघरी मिरच्या वाळत पडतात आणि मे सरायच्या आत वर्षाची चटणी डब्यात जाते. त्या दिवसांत कांडपापुढं रांग असते, पहाटेपासून नंबर लागतात. जुलैत त्याच दुकानात जाऊन बघ, दळणाचे चार डबे असले तर असले. एप्रिलला बारानं गुणलं की वर्षात बारा एप्रिल होतात. साडी घेताना तू दुकानातल्या दिव्याखाली रंग बघून मोकळी होत नाहीस, दारात उजेडात नेऊन बघतेस. तशी ही वही जुलै-ऑगस्टच्या उजेडात बघायची.

"पण पावसाळ्यातली वही नाही म्हणतात," हे तू म्हणणारच. वही नसली तर नसू दे. लाइट बिल असतं की! गिरणी आणि कांडप यांची सगळ्यात खरी वही महावितरण लिहितं. एका बिलावर मागच्या बऱ्याच महिन्यांचा वापर युनिटमध्ये छापलेला असतो, तो बघ. पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भारानं चालली तर तासाला साधारण चार युनिट खाते. महिन्याची युनिटं त्यानं भाग, मोटर किती तास चालली ते कळेल. तासाला किती किलो निघतं ते दुकानात उभं राहून बघ आणि किलोमागचा दर लाव. झाली तुझी वही तयार. एप्रिलची युनिटं ऑगस्टच्या तिप्पट असतील तर नफ्याचंही काहीसं तसंच असणार. हे बिल मागायला लाजू नकोस. ज्याच्या दुकानात खरंच दळण असतं, तो बिल हसत काढून देतो.

तर समज, बिलांवरून असं निघालं की मोसमाचे चार महिने ६० हजारांप्रमाणे २ लाख ४० हजार मिळतात आणि उरलेल्या आठ महिन्यांत २८ हजारांप्रमाणे २ लाख २४ हजार. वर्षाचे ४ लाख ६४ हजार झाले. ७ लाख २० हजार कुठं आणि हे कुठं!

थांब, अजून संपलं नाही. दुकानात राबतं कोण? दुकान विकणारे काका गिरणीवर आणि काकू कांडपावर. दोघांचा पगार हिशेबात कुठंच नाही, कारण घरचा माणूस पगार घेत नाही. तू दुकानात एकटीच असशील. कांडपावर तू बसशील, पण गिरणीला माणूस ठेवावा लागेल. महिना १२ हजार धर, वर्षाचे १ लाख ४४ हजार गेले. शिवाय गाळा त्यांच्या स्वतःच्या मालकीचा, म्हणून त्यांच्या खर्चात भाडं नाही. तुला मात्र ७ हजार भाडं सांगितलंय, म्हणजे वर्षाचे ८४ हजार. ४ लाख ६४ हजारांतून हे दोन्ही वजा कर. २ लाख ३६ हजार उरतात. त्या दुकानातून तुझ्या हाती वर्षाला येणारी कमाई ही एवढी. त्यांच्या हाती किती येत होते, याला तुझ्या दृष्टीनं फारसा अर्थ नाही.

दलालाचाच ठोकताळा लाव: दोन पट, म्हणजे ४ लाख ७२ हजार.

आता बारावीचं गणित. २ लाख ३६ हजारांतून तुझ्या मेहनतीचे वजा कर. दुसऱ्याच्या कांडपावर काम केलं असतंस तर महिना १२ हजार मिळाले असते, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. राहिले ९२ हजार. ३ लाखांची यंत्रं घ्यायला जो पैसा गुंतेल त्यावर दहा टक्के परतावा धर, ते ३० हजार वजा. ६२ हजार राहिले. या दुकानानं साधारण कांडपापेक्षा जास्त मिळवले, ते हे. दोन वर्षांची खरेदी धरली तर ख्याती १ लाख २४ हजार. त्यात यंत्रांचे ३ लाख मिळव. या रीतीत यंत्रं वेगळी धरायची असतात, गोंधळू नकोस. एकूण ४ लाख २४ हजार. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि सव्वाचार ते पावणेपाच लाखांच्या आसपास पोचलो. असे दोन आकडे जवळ आले की आपल्या मांडणीवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

डिपॉझिटचा १ लाख यात धरायचा नाही. तो गाळा सोडताना तुला परत मिळायचा आहे, म्हणून तो किंमत होत नाही. भाडेकरारात वेगळा लिहायचा. आणि यंत्रांचे ३ लाख हेही दलालाच्या तोंडचेच आहेत, हे विसरू नकोस. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या फिटरला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन सोबत ने. मोटर, बेअरिंग, शाफ्ट, गिरणीचे दगड बघायला सांग. जुन्याचा भाव तो तिथल्या तिथं सांगेल.

इतका फरक दर वेळी पडतोच असं नाही. माझे हे आकडे तुझ्या खऱ्या बिलांनी बदलतील, वर जातील किंवा खाली येतील. पद्धत मात्र हीच ठेव.

आणि एक कसोटी अशी आहे की तिथं कुणाचं मत चालत नाही: कर्जाचा हप्ता. तू १० लाख कर्ज काढायचं म्हणत होतीस. बारा टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता २२ हजार २४४ रुपये येतो. वर्षाचे जवळपास २ लाख ६७ हजार. दुकान देणार २ लाख ३६ हजार. म्हणजे दिवसभर मिरचीच्या खकाण्यात बसून वर गळ्यातलं मोडायची पाळी. ५ लाखच काढलेस तर हप्ता ११ हजार १२२. वर्षअखेर तुझ्या हाती लाखभर उरतील, महिन्याला साडेआठ हजार. तेवढ्यात भागतं का, घरी बोलून ठरव. मोसमात हप्ता सहज जातो, पण आषाढ-श्रावणातही बँक थांबत नसते, म्हणून चार-पाच हप्त्यांची रक्कम बाजूला काढल्याशिवाय उतरू नकोस.

कर्जावरून आठवलं. कुणीतरी तुला पीएमईजीपीचं अनुदान मिळेल असं सांगितलंय. ती योजना नव्या उद्योगासाठी आहे, चालता धंदा विकत घेण्यासाठी नाही. मुद्रा कर्ज मिळू शकतं, त्यात ५० हजारांपर्यंत शिशु, पुढं ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण. बँकेत गेलीस की साहेबांना विचार, कशाकशासाठी कर्ज द्याल? यंत्रांसाठी बहुधा हो म्हणतील, नावलौकिकासाठी कचरतील. त्या कचरण्यातूनही तुला कळेल की किमतीतला कुठला भाग भक्कम आहे.

तू नदीच्या अंगाचं दुसरं एक दुकानही बघितलंस ना? त्या दलालानं म्हणे सांगितलं, "२०२१ ला पुरात मोटर गेली तो खर्च धरू नका, तो एकदाच झाला." खर्च एकदाच झालेला असेल तर तो नफ्यात परत मिळवतात, ही रीत मघाशी सांगितलीच. पण कोल्हापुरात पुराला एकदाच म्हणायचं? २००५ ला आला, २०१९ ला आला आणि दोनच वर्षांनी २०२१ ला पुन्हा आला. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. त्या बाजूचं दुकान घ्यायचं तर शेजाऱ्यांना विचार, पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं. मोटर त्याच्यावर बसवता येते का बघ. पुराचा खर्च दर काही वर्षांनी येणारा म्हणून हिशेबात धर. तो काढून टाकून फुगवलेला नफा मला चालणार नाही आणि तुलाही चालता कामा नये.

आता नाजूक गोष्ट. हिशेब मागितलास की हमखास ऐकायला मिळेल, "वहिनी, कागदावर आम्ही कमी दाखवतो, खरा धंदा मोठा आहे." यावर गोड हसायचं आणि म्हणायचं, "मग मी कागदावरचे पैसे देते." जे सरकारला नाही म्हणून सांगितलं, तेच तुला आहे म्हणून विकायचं, हे कसं चालेल? न दाखवलेल्या नफ्याचा पुरावा नाही आणि पुरावा नाही त्याला पैसे नाहीत. फक्त उलट बाजूही ध्यानात ठेव. आयकर विवरणात कमी नफा दिसला म्हणून माणूस खोटा आणि जास्त दिसला म्हणून खरा, असंही नसतं. छोटे दुकानदार बऱ्याचदा अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली विवरण भरतात. तिथं उलाढालीच्या आठ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर सहा टक्के, एवढा नफा दाखवला की काम होतं. तो नफा नियमानं धरलेला असतो, मोजलेला नसतो. म्हणून विवरणातला नफा बाजूला ठेव आणि उलाढाल बघ, बँकेचा उतारा बघ, काउंटरवरच्या क्यूआर कोडवर महिन्याला किती जमा होतात ते बघ, आणि हे सगळं लाइट बिलाशी ताडून बघ. चारही एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तर माणूस खरा.

जीएसटीचंही विचार. वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही, त्यामुळं या दुकानाला ती नसेलही. पण असेल तर त्यांची थकबाकी आहे का, हे लेखी घे. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे धंदा हस्तांतरित झाला की आधीचा थकलेला कर घेणाऱ्याकडूनही वसूल होऊ शकतो. यंत्रांवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तिथला बाकी नसल्याचा दाखला हवा. तयार चटणीची पाकिटंही ते विकतात, म्हणजे अन्न परवाना आला. तो विकत मिळत नाही. मालक वारला तर वारसाकडं जातो, नाहीतर तुला तुझ्या नावानं नवीनच काढायचा. दलालानं "परवान्यासकट" असं म्हणून काही पैसे लावले असतील तर ते कमी कर.

नावलौकिकाबद्दल मात्र मला जरा बोलायचंय, कारण तुझा जीव तिथंच अडकलाय. "ताई, त्या कांडपाचं नाव आहे गं पेठेत," हे तू तीनदा म्हणालीस. आहे ना, मीही चटणी तिथंच कुटून आणते. पण आपण का जातो तिथं? काकू मिरच्यांची पिशवी उघडून हात घालतात आणि सांगतात, "ब्याडगी आणखी पाव किलो घाल, रंग येणार नाही." खोबरं किती भाजलंय ते वासावरून ओळखतात. नाव त्या हाताचं आहे. काकू मुलाकडं पुण्याला गेल्या की तो हात पुण्याला गेला. म्हणून नावलौकिकाचे पैसे द्यायचे तर त्या बदल्यात काकूंचा एक मोसम माग. फेब्रुवारी ते मे त्या तुझ्याशेजारी बसतील, येणाऱ्या प्रत्येकीला "आता ही बघणार" म्हणून तुझी ओळख करून देतील, प्रमाणं तुला शिकवतील, हे करारात लिही. ख्यातीच्या रकमेतला अर्धा भाग मोसम संपल्यावर द्यायचा ठेव. दुकानाचा मोबाइल नंबर, ज्यावर बायका "नंबर लावा" म्हणून फोन करतात, तोही तुझ्या नावावर झाला पाहिजे. नाहीतर पाटी तुझी आणि फोन त्यांच्या पुतण्याला, असं व्हायचं.

पुतण्या म्हटलं ते उगाच नाही. दुकान विकून सहा महिन्यांत दोन गल्ल्या सोडून त्याच आडनावाचं दुसरं कांडप उघडलं तर काय करशील? याला कायद्यात सोय आहे आणि ती बऱ्याच जणींना माहीत नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ म्हणतं, कुणाला धंदा करू नकोस असं बांधणारा करार रद्दबातल. पण त्याच कलमात अपवाद दिलाय: नावलौकिक विकणाऱ्यानं ठरावीक हद्दीत तोच धंदा करायचा नाही, असं बांधून घेता येतं, घेणारा तो धंदा तिथं चालवतोय तोवर. हद्द वाजवी हवी. अख्खा जिल्हा लिहू नकोस, टिकणार नाही. शिवाजी पेठ आणि लगतच्या पेठा लिही. आणि ही अट घालायची तर करारात "नावलौकिकासह विक्री" हे शब्द आणि त्याची वेगळी रक्कम आलीच पाहिजे.

पाटीवर "कोल्हापुरी" लिहिलंय म्हणून दलालानं भाव चढवला असेल तर त्याला सांग, तो शब्द कुणा एका दुकानाचा नाही. चपलेचंच बघ. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. आपल्या गावाचं नाव लावण्याबद्दल गावातल्याच माणसाला पैसे कसले द्यायचे?

जागेकडं वळू, कारण पेठेतला अर्धा धंदा जागेवरच चालतो. निवृत्ती चौकातलं दुकान दोन गल्ल्या आत नेलं तर गिऱ्हाईक निम्मं मागं राहतं. गाळा काकांचा स्वतःचा आहे, ते बरं. तरी आधी प्रॉपर्टी कार्डावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघ, भावाबहिणींचा हिस्सा निघाला तर त्यांचीही संमती लागेल. आणि ऐक, ते अकरा महिन्यांचा करार करू म्हणतील. नाही म्हणायचं. अकरा महिन्यांच्या जागेवर नावलौकिकाचे पैसे ओतलेस तर बाराव्या महिन्यात जागाही त्यांची आणि तू जमवलेली गिऱ्हाइकंही त्यांची. पाच वर्षांचा, नोंदणी केलेला करार हवा. भाडं दरवर्षी किती वाढणार, व्यापारी गाळ्याचा घरफाळा कोण भरणार, हे त्यात हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो.

उद्या हे दुकान जमलं नाही आणि जुन्या वाड्यातलं, पागडीवरचं एखादं बघायला गेलीस, तर तिथली गोष्ट वेगळी. तिथं विकणारा स्वतःच भाडेकरू असतो. करारात मुभा नसेल तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २६ प्रमाणे त्याला जागा परस्पर दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, आणि तशी केली तर घरमालकाला जागा खाली करून घ्यायचं कारण मिळतं. पागडीची रक्कम घेणं-देणं कलम ५६ ला मान्य आहे, पण घरमालकाच्या सहीशिवाय त्या व्यवहाराला हात लावू नकोस. "मालक आपलाच आहे" या वाक्यावर एक रुपया देऊ नकोस.

आता घाबरलीस ना? नको गं. यातलं बरंचसं एका वकिलाच्या आणि एका सीएच्या दोन-तीन बैठकांत होतं. त्यांची फी तुला जड वाटेल, पण किमतीत होणाऱ्या फरकापुढं ती काहीच नाही. सीए तुझा हवा, दलालानं सुचवलेला नको.

बोलणी करताना एकदम निम्म्याखालचा आकडा तोंडावर फेकू नकोस. काका दुखावतील. त्यांनी आयुष्य घातलंय त्या दुकानात, त्यांच्या मनातल्या किमतीत ती वर्षं मिळवलेली आहेत आणि ते समजून घ्यावं लागतं. तुझा कागद त्यांच्यापुढं ठेव. महिनावार युनिटं, माणसाचा पगार, भाडं, हप्ता. म्हण, "काका, तुमच्या दुकानातून मला एवढे सुटतात. मी यापेक्षा जास्त कशी देऊ, तुम्हीच सांगा." आकडा कसा आला हे दिसलं की माणूस भांडत नाही, कुठं चुकलं ते दाखवतो. कदाचित खरंच चुकलेलं असेल. लग्नसराईत हळद कुटायचं काम येतं, दिवाळीत भाजणी-बेसन दळायला असतं, ते तुझ्याकडून सुटलं असेल, तर ते मिळव आणि थोडं वर जा. पण आपली शेवटची रक्कम आधी घरी लिहून ठेव आणि तिथं बसून ती बदलू नकोस. "दुसरी पार्टी उद्या विसार देतेय," असं सांगून घाई करतील. देऊ दे त्या पार्टीला. पेठेत कांडपं आणखी आहेत.

विसार द्यायची वेळ आलीच तर तो काकांच्या खात्यावर द्यायचा, दलालाच्या हातात नाही. विसार पावतीवर लिहायचं: कागद तपासून समाधान झालं नाही तर रक्कम परत. मोठी रोकड तर नकोच. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे, आणि रोखीनं दिलेल्या पैशाचा पुढं साक्षीदार कोणी नसतो.

तू ही गोष्ट करू शकतेस, यात मला तिळमात्र शंका नाही. योग्य पैशात मिळालं तर हे दुकान चांगलं आहे, आणि पेठेत चटणी कुटणारी माणसं संपणार नाहीत. उद्या सकाळी काकांना फोन कर आणि मागच्या तीन वर्षांची लाइट बिलं माग. ती हातात येईपर्यंत विसार द्यायचा नाही. बिलं मिळाली की माझ्याकडं घेऊन ये, आपण दोघी बसून युनिटं मांडू.